गोंदियाहून सिरपूर : राजधानी कशी पाहावी?

गोंदिया जिल्ह्यातील उपासक-उपासिका सामूहिक यात्रेस निघाले म्हणजे सांची, सारनाथ, बुद्धगया यांचाच विचार प्रथम होतो. परंतु पूर्वेकडे जाणाऱ्या रेल्वेने डोंगरगड, दुर्ग मागे टाकून रायपूर गाठावे आणि तेथून आरंगपुढे महानदी ओलांडावी, की सुमारे ८० कि.मी. अंतरावर सिरपूर लागते. दक्षिण कोसलातील पांडुवंशीय राजांची राजधानी 'श्रीपूर' ती हीच.

सातव्या शतकात चिनी यात्री ह्यूएनत्संग कोसल देशी आला. तेथे सुमारे शंभर संघाराम आणि दहा हजारांच्या आसपास महायानी भिक्षू असल्याचे त्याने नोंदविले. राजधानीचे नाव मात्र दिले नाही. त्यामुळे कनिंगहॅम यांनी ती चांद्याला मानली, तर पुढील अनेक अभ्यासकांनी सिरपूरला कौल दिला. म्हणजे हा वाद आपल्या विदर्भाच्या अंगणापर्यंत येतो. सिरपूरचे विहार पाहताना 'ह्यूएनत्संग येथेच उतरला' असे ठामपणे सांगण्याचा मोह टाळावा.

गटाने जाणाऱ्यांची अडचण वेळेची असते. आमच्या गटाचा बहुतेक वेळ विटांच्या लक्ष्मण मंदिरात गेला आणि विहारांसाठी जेमतेम अर्धा तास उरला. मंदिर अप्रतिम आहे, यात शंका नाही. राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते उभारले. तरीही आपल्या यात्रेचा क्रम उलटा असावा, असे आमचे मत आहे.

प्रथम आनंदप्रभू कुटी विहारात जावे. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षांत हे विहार मातीतून वर येत होते! मध्ये खांबांचा मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि गर्भगृहात भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती. मूर्तीला वंदन करून लगेच परतू नये. येथील शिलालेख सांगतो की, महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळी आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने ही विहारकुटी बांधविली व भिक्षूंच्या भोजनासाठी सत्राची व्यवस्था केली. खोल्या किती, याइतकाच भात कोठून येई, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

मार्गदर्शकाने आम्हांस हा राजा बौद्ध असल्याचे सांगितले. ते बरोबर नाही. त्याच्या ताम्रपटांत तो स्वतःस परममाहेश्वर, म्हणजे शिवभक्त म्हणवितो. पण मल्हार येथील त्याच्याच ताम्रपटानुसार मामा भास्करवर्मन याच्या विनंतीवरून त्याने कैलासपूर हे गाव तरडंशक येथील विहाराच्या भिक्षुसंघास दान दिले. राजा शैव, आणि संघ राज्याच्या दानावर पोसलेला! संघाचे बळ आणि त्याचे परावलंबन, दोन्ही या एका ताम्रपटात दिसतात. राजाश्रय आटल्यावर अशा विहारांचे काय झाले असेल, यावर परतीच्या गाडीत आमच्यात बराच वाद झाला.

स्वस्तिक विहार जवळच आहे. वेळ उरल्यास तीवरदेव विहाराची चौकट मात्र चुकवू नये. तिच्यावर वानर आणि मगर यांची कथा कोरलेली आहे. तेथे ती पंचतंत्रातील म्हणून दाखवितात. सुंसुमार जातकातही हीच कथा आहे. बरोबरच्या मुलांना ती चौकटीपाशी बसवूनच सांगावी.