पाऊस नेमका कुठला?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती पाऊस पडला, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच आकडा येतो : ९४४ मिलिमीटर. आकडा खरा आहे, पण तो सांताक्रूझचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. दोन्ही ठिकाणं मुंबईतलीच! नोंदवहीत नुसतं 'मुंबई' लिहिलं असतं, तर त्या दिवशी उपनगरात काय झालं आणि दक्षिण टोकाला काय, हे कधीच उमगलं नसतं.

घराच्या गच्चीवर छोटंसं हवामान केंद्र बसवणारे हौशी लोक आता बऱ्याच गावांत भेटतात. मीही त्यांतलाच एक. यंत्र इंटरनेटला जोडलं, की ते आधी केंद्राचं नाव विचारतं. कोणी शहराचं नाव टाकतं, कोणी सोसायटीचं. मला दोन्ही पटत नाहीत.

माझं घर पुण्यात, सिंहगड रस्त्याजवळच्या वडगावात. पण नुसतं 'वडगाव' म्हणून भागतं का? इथे वडगाव बुद्रुक आहे, लागूनच वडगाव खुर्द आहे. शहराच्या पूर्वेला वडगाव शेरी. आणि लोहमार्गाने मुंबईकडे निघालात, की वडगाव मावळ. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. पूर्वीच्या लोकांना ही अडचण ठाऊक होती, म्हणून तर त्यांनी ही शेपटं जोडली. पावसाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहेत. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात शिवाजीनगरला साधारण साडेसातशे. मावळातला आकडा शेरीच्या नावावर गेला, तर तो वाचून कोणी बी पेरायचं की थांबायचं ठरवेल, त्याचं काय होणार?

म्हणून मी लिहिलं, 'पुणे – वडगाव बुद्रुक'. आधी सगळ्यांना माहीत असलेलं शहर, मग वस्ती. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, इमारतीचं नाव टाका ना, लगेच सापडेल!" अरे बाबा, सापडू नये म्हणूनच तर टाकत नाही. आपण घरी आहोत की नाही, हे घरातल्या तापमानावरूनही ओळखता येतं. अक्षांश-रेखांश जगाला दाखवताना दशांशचिन्हानंतर दोनच अंक ठेवावेत. तेवढ्याने साधारण किलोमीटरभराचा अंदाज येतो, आणि पावसाला तो पुरतो. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र नीट भरावी, कारण दर आठ-नऊ मीटरला हवेचा दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने उतरतो. चौथ्या मजल्याची गच्चीही त्यात धरायची.

गावाचं नावच बदललं तर? उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. तिथल्या हौशी मंडळींनी नवं नाव खुशाल लावावं, बदलाची तारीख टिपून ठेवावी आणि जुनी नोंद पुढे चालू ठेवावी. पर्जन्यमापक जागचा हललेला नाही. उलट, तुम्ही घर बदललंत आणि यंत्र दुसऱ्या पेठेत नेलंत, तर जुन्या नावाखाली नवे आकडे भरू नका. ते नवं केंद्र. त्याला नवं नाव द्या, पहिल्या दिवसापासून नवी वही घाला.