नावाचे दगड, बिननावाचे दगड

मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढणारे बहुतेक जण मोठं चैत्यगृह बघतात, फोटो काढतात आणि पावसाळा असेल तर धबधब्याकडे वळतात. चार पावलं पुढे गेलात तर १४ दगडी स्तूप दिसतील. पाच कातळाच्या छताखाली, नऊ उघड्यावर. दगडावर दगड रचून ते उभारलेले नाहीत, जागच्या कातळातूनच कोरून काढले आहेत. इथे राहिलेल्या भिक्खूंची ही स्मारकं. काहींवर ब्राह्मीत स्थविरांची नावं आहेत: अंपिकिनक, धम्मगिरी, संघदिन. घरदार सोडून निघालेल्या माणसांची नावं मावळच्या दगडानं दोन हजार वर्षं जपली आहेत.

मावळातले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, मात्र बहुतेक बिननावाचे. गावच्या मारुतीच्या नाहीतर शंकराच्या देवळाबाहेर, पाराला टेकून उभ्या असलेल्या कंबरेएवढ्या काळ्या शिळा आपण लहानपणापासून बघतो. कानडीतल्या ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दावरून वीरगळ हे नाव आलं, असं अभ्यासक सांगतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. अगदी खाली वीर आडवा पडलेला. शेजारी गाई कोरल्या असतील तर गावाची गुरं सोडवताना तो गेला, असं समजायचं. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई: हातात ढाल-तलवार, समोर शत्रू. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाकडे नेताहेत. सर्वांत वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहो. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा असेल, तर ती सतीची. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे. याउलट इंग्लंडमध्ये बर्फर्ड गावच्या चर्चच्या आवारात लोकरीच्या व्यापाऱ्यांची कोरीव थडगी आहेत, त्यांचे गोलसर माथे लोकरीच्या गाठींसारखे आहेत असं म्हणतात. तिथे माणसानं काय कमावलं ते दगडावर आलं. आमच्याकडे तो कशापायी गेला ते आलं. मला आमची रीत जास्त मोलाची वाटते.

मावळच्या माणसांचं मन किती मोठं, ते बघायला वडगावला जावं. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून घाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी इथेच कोंडलं आणि वडगावचा तह करायला लावला. त्या फौजेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तहाच्या काही दिवस आधी, ४ जानेवारीला, कार्ल्याला पडला. झाडावर चढून तो टेहळणी करत होता आणि तोफेच्या गोळ्यानं गेला, असं सांगतात. त्याचं शौर्य बघून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. स्टुअर्टचा इष्टुर झाला आणि फाकडा ही पदवी आपल्या बहाद्दरांना देतो तशीच त्यालाही मिळाली. वडगावातल्या त्याच्या समाधीपुढे लोक आजही हात जोडतात. चालून आलेल्या शत्रूचं नाव ज्या गावानं इतकं सांभाळलं, त्याच मुलखात गावासाठी मेलेल्यांचे दगड पालथे पडलेले बघवत नाहीत.

भाज्याचे स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. गावोगावच्या वीरगळांना राखणारे गावकरीच. आमचा काळा पाषाण कठीण खरा, पण उन्हापावसात चेहरे झिजतात, आणि ऑइलपेंटचे थर चढले की उरलेलं कोरीव कामही बुजतं. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की हे दगड पायरीला किंवा भरावात जातात. तेव्हा गावकीच्या बैठकीत एवढं जरूर सांगा: वीरगळ रंगवू नका, सिमेंटात गाडू नका, देवळाच्या भिंतीशी सावलीत सरळ उभे करा. आणि पोरांना समोर बसवून खालून वर वाचून दाखवा.