पेडलमधली गुणगुण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी जोडलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल बॅटरीवर स्वच्छ वाजतं. अडॅप्टर लावला की सुरांच्या मागे जाड गुणगुण सुरू होते, आणि गेन वाढवावा तशी तीच पुढे येते. उज्जैनसारख्या शहरात पेडल बनवणारा सुटे भाग इंदूरहून किंवा कुरिअरने मागवतो, आकृत्या परदेशी वापरतो आणि सल्ले ऐकीव घेतो. त्यातले काही सल्ले निरुपयोगी आहेत, आणि एक तर जिवावर बेतणारा आहे.

गैरसमज: गुणगुण आली म्हणजे सप्लाय खराब.

वस्तुस्थिती: आधी कान लावा. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून सप्लायमधून निसटलेली गुणगुण १०० हर्ट्झची असते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी ९८ हर्ट्झचा आहे. तो छेडून पाहा. गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळली तर संशय सप्लायवर. ती एक सप्तक खाली असेल तर बहुधा पिकअप, केबल किंवा अर्थिंगच्या वाटेने येते.

मग गिटार घेऊन जागच्या जागी फिरा. आवाज कमी-जास्त झाला, तर पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. सिंगल कॉइल पिकअपचा हा गुणधर्मच आहे. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल परस्परविरुद्ध जोडून हंबकर पिकअप तयार केला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. खात्री ९ व्होल्टची बॅटरी लावून करावी. बॅटरीवरही गुणगुण तशीच राहिली, तर सप्लायला हात लावू नका.

गैरसमज: कपॅसिटर मोठा टाकला की काम झालं.

वस्तुस्थिती: हिशेब करून पाहा. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर व्होल्टेज १२.७. ब्रिजचे दोन डायोड त्यातले १.४ खातात, उरतात ११.३. भार १०० मिलिअँपिअर आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर प्रत्येक लहरीत व्होल्टेज सुमारे १ व्होल्टने खाली-वर होतं, म्हणजे तळाशी १०.३. पण ७८०९ रेग्युलेटरला ९ व्होल्ट स्थिर द्यायला आत सुमारे ११ लागतात. तेवढ्या क्षणापुरता तो हात टेकतो आणि दर सेकंदाला शंभर वेळा गुणगुण आरपार जाते. संध्याकाळी घरातली वीज २३० वरून २०० व्होल्टवर उतरली, की डायोडनंतरचं शिखरच ९.७ वर येतं. मग कपॅसिटर कितीही मोठा असो, उपयोग नाही. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. २०० व्होल्टवरही त्याचा तळ १२ च्या वर राहतो.

गैरसमज: सप्लाय चांगला असला की पेडलमध्ये फिल्टर नको.

वस्तुस्थिती: ऑप-अँपच्या पेडलमध्ये दोन १० किलोओहमचे रेझिस्टर ९ व्होल्टचे अर्धे, म्हणजे ४.५ व्होल्ट करतात, आणि सिग्नल त्या पातळीवर बसवला जातो. सप्लायमधली गुणगुणही तिथे अर्धी होऊन थेट इनपुटपाशी पोचते आणि गेनने गुणली जाते. त्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, तर १०० हर्ट्झची लहर तिथे सुमारे दीडशे पटींनी कमी होते. सप्लायच्या तारेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, की आणखी सहा पटींनी. ५ मिलिअँपिअर घेणाऱ्या पेडलला त्यापायी फक्त अर्धा व्होल्ट कमी मिळतो.

गैरसमज: ९ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालतो.

वस्तुस्थिती: हलक्या एसएमपीएस अडॅप्टरमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण कमी असते, पण स्वस्त मालातून बारीक शिटी येऊ शकते. बहुतेक पेडलच्या जॅकमध्ये मधली पिन ऋण असते, ती तपासून घ्या. जुन्या फझ फेससारखं पीएनपी जर्मेनियमचं, धन ग्राउंडचं पेडल इतरांबरोबर एकाच सप्लायवर जोडलं तर सरळ शॉर्ट होतो. त्याला वेगळा सप्लाय किंवा बॅटरीच हवी.

गैरसमज: अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली की गुणगुण जाते.

वस्तुस्थिती: कधीकधी खरंच जाते, आणि धोका तिथेच आहे. दोन उपकरणांची ग्राउंड केबलमधूनही जोडलेली असते आणि अर्थिंगमधूनही, त्यामुळे वेढा तयार होतो. पिन तोडली की वेढा तुटतो, पण अँपमध्ये बिघाड झाल्यावर २३० व्होल्ट वादकाच्या बोटांखालच्या तारांवर येण्याची वाटही मोकळी होते. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा शॉक बसून दगावला.

उज्जैनच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांमध्ये, जिथे वायरिंग घर बांधल्यावर कितीतरी वर्षांनी टाकली गेली, तिसऱ्या भोकात तार आहे की नाही हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वेढा तोडायचाच असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवा, किंवा सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

गैरसमज: अ‍ॅल्युमिनियमची पेटी सगळं अडवते.

वस्तुस्थिती: ती विद्युत क्षेत्र अडवते, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर पेडलच्या पेटीत बसवू नका. तो वेगळ्या डब्यात, फ्यूजसह, हातभर लांब ठेवा.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बॅटरी लावून पाहा, मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, मग एकच पेडल जोडून ऐका, मग मल्टिमीटर एसीवर लावून रेग्युलेटरच्या आउटपुटवर किती मिलिव्होल्ट उरतात ते मोजा. वाट सापडली की दुरुस्ती बहुतेकदा एका रेझिस्टरची आणि एका कपॅसिटरची असते. ती सापडण्याआधी सोल्डरिंग आयर्न तापवू नका, आणि अर्थिंगची पिन कधीच तोडू नका.