काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका

रमजान ईद झाली, शिरखुर्मा आणि दावती आटोपल्या की आपल्या घरांमध्ये बरेच जण चालायला लागतात. दहा-पंधरा दिवस उत्साह टिकतो. मग कुणीतरी वजनकाट्यावर उभं राहतं, अर्ध्या किलोचाही फरक नसतो, आणि चपला पुन्हा कोपऱ्यात. आमच्या मते इथे चूक चालणाऱ्याची नाही, मोजणाऱ्या साधनाची आहे.

वजनात रोज एक-दोन किलोचा चढउतार होतोच. रात्री खारट खाल्लं की अंगात पाणी साठतं. पाळीच्या आधी बायकांचं वजन थोडं वाढतं. चरबी घटत असतानाच स्नायू भरत असतील, तर काटा तिथेच थांबून राहतो. त्याला चरबी, पाणी आणि स्नायू यांतलं काहीच वेगळं ओळखता येत नाही.

याचं एक गाजलेलं उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपल्या भारतीयांची ठेवणच आहे. म्हणून “मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर” या बोलण्यावर फार विसंबू नये.

मग मोजायचं काय? आधी कंबर. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. (पॅन्टचा नंबर चालत नाही, ती पोटाच्या खालीच बसते.) भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

घरात कुणाला शुगर असेल तर एचबीए१सी ही तपासणी जास्त खरं सांगते. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यातून कळते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे वजन फारसं उतरलं नाही तरी हा आकडा सुधारू शकतो. बीपीचंही तसंच. मात्र इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि काही खुणा अशा, ज्यांना मशीन लागतच नाही. तिसऱ्या मजल्यावर पिशव्या घेऊन जाताना धाप कमी लागते का? सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकावा लागायचा, तो आता लागत नाही का? झोप लवकर लागते का? दादीजान खुर्चीचे हात न धरता उभ्या राहत असतील, तर आमच्या लेखी ती दोन किलो उतरण्यापेक्षा मोठी बातमी आहे. कॅलेंडरवर चाललेल्या दिवसांना फुली मारा, मुलांना ते काम द्या, ती एक दिवसही सोडू देत नाहीत.

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं चाला. बाहेर पडणं जमत नसेल तर गच्ची आहे, शेजारणीला सोबत घ्या.

काटा फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी पाहा. पण काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर “माशाअल्लाह, बारीक झालात” म्हणू नका. वाढलेल्या शुगरचं ते लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या.