डुब्रोव्हनिक: पाहुण्याला दारात थांबवायला शिकलेलं शहर

  ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलच्या गोंगाटात नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलण्यातलं 'म्हणजे', 'तर', 'अरे हो' बरंचसं काढलंय. थोडं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

या भागाची सुरुवात एका व्हॉइस नोटने झाली. आपला एक श्रोता क्रूझ जहाजावर, गॅलीत म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये काम करतो. तो म्हणाला, "दादा, आमचं जहाज क्रोएशियात डुब्रोव्हनिकला लागतं. मला सुट्टी मिळते चार तास. तेवढ्यात काय बघू? आणि अजून एक. ऐकलंय की तिथल्या लोकांना आमची जहाजं फारशी आवडत नाहीत. खरं आहे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवर पाच मिनिटांत मिळेल. पण दुसरा प्रश्न समजून घेतला ना, तर पहिल्याचं उत्तरच बदलतं. म्हणून आज दोन्ही एकत्र घेऊ.

आधी हे शहर आहे कुठे?

युरोपचा नकाशा उघडा. इटलीचा बूट दिसला? त्याच्या उजवीकडे एड्रिॲटिक समुद्र आणि पलीकडच्या काठावर क्रोएशिया. त्या किनाऱ्याच्या अगदी खालच्या टोकाला डुब्रोव्हनिक. पूर्ण शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण लोक येतात ते तटबंदीच्या आतलं जुनं शहर बघायला. ही तटबंदी साधारण १,९४० मीटर लांब आहे आणि काही ठिकाणी २५ मीटर उंच. 'गेम ऑफ थ्रोन्स' बघितलं असेल तर किंग्ज लँडिंग म्हणून तुम्ही हे शहर आधीच पाहिलंय.

पण ही काही सिनेमाच्या सेटसाठी बांधलेली भिंत नाही. कित्येक शतकं हे एक स्वतंत्र गणराज्य होतं, नाव रागुसा. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य, आणि मधे हे चिमुकलं शहर. सैन्य फारसं नाही, जमीन फारशी नाही. मग टिकलं कसं? व्यापारावर आणि मुत्सद्देगिरीवर. ऑटोमन सुलतानाला दरवर्षी १२,५०० सोन्याची नाणी खंडणी द्यायची आणि त्याच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवायची. थोडक्यात, सगळ्यांशी बोलायचं, पण घराची किल्ली कोणाला द्यायची नाही.

किल्लीचं मी उगाच म्हणत नाहीये. रोज रात्री शहराचे दरवाजे बंद व्हायचे, पिले दरवाजाचा उचलता पूल वर घेतला जायचा आणि किल्ल्या रेक्टरकडे जायच्या. रेक्टर म्हणजे या गणराज्याचा प्रमुख. त्याची मुदत किती? फक्त एक महिना! त्या महिन्यात त्याने महालातच राहायचं, सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. खुर्ची गरम व्हायच्या आत माणूस बदलायचा, म्हणजे कोणाला राजा व्हायची स्वप्नं पडायला नकोत.

तीच गोष्ट लोव्रियेनात्स किल्ल्याची. हा तटबंदीच्या बाहेर, समुद्रातल्या कड्यावर आहे. शत्रूकडच्या बाजूला त्याच्या भिंती काही ठिकाणी १२ मीटर जाड आणि शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटीमीटर. का? तर किल्लेदार फितूर झाला तर शहरातून तोफ डागून ती भिंत पाडता यावी. विश्वास ठेवा, पण बंदोबस्तही ठेवा.

क्वारंटाइनची गोष्ट

२०२० मध्ये आपण सगळे एक शब्द शिकलो, क्वारंटाइन. कोणी चौदा दिवस खोलीत बसलं, कोणाच्या हातावर शिक्का बसला. या कल्पनेचा सगळ्यात जुना लिखित कायदा याच शहराचा आहे, १३७७ चा.

झालं असं की चौदाव्या शतकात युरोपात प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. साथ आली की दरवाजे लावून टाकायचे, हा एक उपाय होता. पण रागुसाचं पोटच व्यापारावर. दार लावलं तर प्लेगने नाही, उपाशी मरायची वेळ. आणि उघडं ठेवलं तर प्लेग आत. मग तिथल्या महासभेने मधला रस्ता काढला. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने आधी एक महिना शहराबाहेर, मर्कान नावाच्या छोट्या बेटावर किंवा त्सावतात या गावात काढायचा. महिनाभरात आजार दिसला नाही, की या आत. शहरातलं कोणी त्यांना चोरून भेटायला गेलं, तर त्यालाही तीच महिन्याची शिक्षा.

पुढे तीसचे चाळीस दिवस झाले. व्हेनिसच्या भाषेत चाळीस म्हणजे क्वारांता, त्यावरून क्वारंटाइन. शब्द व्हेनिसचा, पण पहिला कायदा रागुसाचा.

यातला विचार नीट बघा. त्यांनी दार बंद केलं नाही. त्यांनी पाहुण्याला दारात थांबवलं. 'येऊ नका' आणि 'थांबून या' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे शहराच्या पूर्वेकडच्या प्लोचे दरवाजाबाहेर यासाठी कायमच्या इमारती बांधल्या, त्यांना लाझारेती म्हणतात. ऑटोमन मुलखातून येणारे व्यापारी, त्यांची जनावरं, मालाचे गठ्ठे, सगळं तिथे थांबायचं. त्या दगडी इमारती आजही उभ्या आहेत. तिथे आता कार्यक्रम, मैफली होतात. बहुतेक पर्यटक त्यांच्यासमोरून सेल्फी काढत पुढे निघून जातात.

दोनदा मोडलं, दोनदा उभं राहिलं

६ एप्रिल १६६७ ला मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, बहुतेक शहर कोसळलं. आज मुख्य रस्ता स्त्रादूनवर एकसारखी घरं दिसतात, ती त्यानंतरची. खाली दुकान, वर राहायचं घर. दुकानाच्या दारातच अर्ध्या उंचीचा दगडी कट्टा, म्हणजे तोच काउंटर. गिऱ्हाईक रस्त्यात उभं, दुकानदार आत. पुन्हा तेच, दारातला व्यवहार!

१८०८ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याने हे गणराज्य संपवलं. आणि मग १९९१. युगोस्लाव्हिया फुटत होता, क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्ह सैन्याने डुब्रोव्हनिकला वेढा घातला. पाणी बंद, वीज बंद. ६ डिसेंबरला जुन्या शहरावर सगळ्यात भीषण तोफमारा झाला. हे शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होतं, तरीही. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी सुमारे ६८ टक्के इमारतींना गोळे लागले. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने या हल्ल्यासाठी लष्करी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

तटबंदीवरून खाली बघाल तेव्हा कौलांचे रंग बघा. काही कौलं फिकट, उन्हाने विटलेली, ती जुनी. बाकीची भडक केशरी, ती युद्धानंतर बसवलेली. इन्स्टाग्रामवर ज्या केशरी छपरांना लाखो लाइक्स मिळतात, त्यातली बरीचशी म्हणजे भरून आलेल्या जखमा आहेत.

मग आता अडचण काय?

भूकंपातून उठलेलं, तोफांपुढे टिकलेलं शहर आता कशाने रिकामं होतंय? तर आपल्यासारख्या पाहुण्यांनी.

१९९१ मध्ये तटबंदीच्या आत साधारण पाच हजार लोक राहायचे. आज दीड हजारांच्या आसपास. गणित साधं आहे. घर एखाद्या कुटुंबाला वर्षभर भाड्याने देण्यापेक्षा पर्यटकाला रात्रीच्या हिशोबाने दिलं तर पैसे कितीतरी जास्त. किराणा दुकानापेक्षा आइस्क्रीमचं दुकान परवडतं. मग किराणा जातो, मागोमाग शेजारी जातात, आणि उरलेल्या आजींना साधं दूध आणायला सुटकेसच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

त्यात क्रूझ. एक मोठं जहाज हजारो माणसं एकदम उतरवतं. ती सकाळी येतात, संध्याकाळी जातात, जेवण जहाजावर, झोप जहाजावर. शहराला गर्दी पूर्ण मिळते, उत्पन्न थोडं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात दहा हजारांहून जास्त लोक तटबंदीवर चढले होते. एका वेळी जुन्या शहरात आठ हजारांपेक्षा जास्त माणसं नसावीत, असा सल्ला युनेस्कोकडून आला.

मग शहराने काय केलं? आठवा १३७७. दार बंद केलं नाही, दारात थांबवलं. दरवाजांवर कॅमेरे लावले, आत किती लोक आहेत ते मोजायला. क्रूझ कंपन्यांशी २०१९ मध्ये करार केला, एका वेळी दोनच जहाजं आणि चार हजारच प्रवासी. जुन्या शहरात पर्यटकांना घरं भाड्याने द्यायचे नवे परवाने थांबवायचं ठरलं. चाकांच्या बॅगा दगडी गल्ल्यांतून खडखडत नेऊ नका, असंही सांगायला सुरुवात केली. ऐकायला गंमत वाटते. पण पहाटे चार वाजता खिडकीखालून सुटकेस गेली की कळतं.

म्हणून त्या मित्राला उत्तर: तुझ्यावर राग नाही रे. राग आहे तो एकदम आत घुसणाऱ्या गर्दीवर. आणि ती गर्दी आपण कशी वागतो यावर थोडी कमी-जास्त होते.

तर, चार तासांत काय बघायचं?

जहाज ग्रूझ बंदराला लागलं असेल तर तिथून पिले दरवाजापर्यंत सिटी बस मिळते. दरवाजाच्या वर एक मूर्ती दिसेल, संत व्लाहो, इंग्रजीत सेंट ब्लेझ. शहराचे रक्षक. दरवर्षी ३ फेब्रुवारीला त्यांचा मोठा उत्सव असतो. हेच संत पोर्तुगीजांकडे साव ब्राझ झाले. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या वाटेवर त्यांच्या नावाचं चर्च आहे. त्याचं नातं डुब्रोव्हनिकच्या खलाशांशी जोडलं जातं, सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. पण गोव्याला गेलात तर तिकडेही चक्कर मारा.

आत शिरलात की उजव्या हाताला ओनोफ्रियोचं मोठं कारंजं. १४३८ मध्ये सुमारे बारा किलोमीटरवरून शहरात पाणी आणलं, त्याचं हे टोक. बाटली भरून घ्या, पाणी पिण्याचं आहे. समोर फ्रान्सिस्कन मठ, तिथलं औषधालय १३१७ पासूनचं. मग स्त्रादूनवरून सरळ चालत स्पोंझा महाल. हे जुनं जकातघर. वजनं करायच्या जागी लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा मथितार्थ असा की आमच्या तराजूत फसवणूक चालत नाही, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. याच महालात युद्धात शहर वाचवताना गेलेल्यांच्या फोटोंची एक खोली आहे. तिथे दोन मिनिटं शांत उभे राहा.

पुढे रेक्टरचा महाल, आणि तिथून प्लोचे दरवाजाबाहेर लाझारेती. एवढं आरामात दोन तासांत होतं.

तटबंदीची फेरी करायची असेल तर दीड-दोन तास धरा. तिकीट महाग आहे, अलीकडे ३५ ते ४० युरोच्या घरात. त्याऐवजी डुब्रोव्हनिक पास बघा, त्यात तटबंदी, रेक्टरचा महाल आणि सिटी बस सगळं येतं. दर बदलतात, जायच्या आधी अधिकृत साइटवर तपासा. सकाळी उघडताच किंवा ऊन कलल्यावर चढा, दुपारी दगड तापतो आणि सावली नसते.

आणि जे पुण्या-मुंबईहून स्वतःचं प्लॅनिंग करून जाणार आहेत त्यांच्यासाठी: १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलन युरो. म्हणजे शेंगेन व्हिसाच लागतो. जमलं तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये जा, आणि किमान दोन रात्री राहा. संध्याकाळी जहाजं गेली की तेच शहर वेगळं दिसतं, मुलं चौकात बॉल खेळताना सापडतात. सकाळी गुंडुलिच चौकातल्या बाजारातून फळं घ्या. पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरात फिरू नका, दंड होतो. आणि गल्लीत बॅग उचलून न्या.

आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की चपला बाहेर काढतो, "येऊ का?" विचारतो. कोणी शिकवावं लागत नाही. डुब्रोव्हनिकच्या दारातही तेवढंच करायचंय. ते शहर म्युझियम नाही, अजून दीड हजार माणसांचं घर आहे.

तर मित्रा, चार तासांतली दहा मिनिटं लाझारेतीसमोर बस. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी तुझ्यासारखेच दूरवरून आलेले लोक तिथे थांबून आत जायची वाट बघत होते. तिथलाच एक व्हॉइस नोट पाठव, पुढच्या भागात नक्की ऐकवतो.