दूरच्या मशीनवरचा आलेख आपल्या ब्राउझरमध्ये

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला संशोधनासाठी आलेली मराठी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. प्रोग्रॅम सुपरकॉम्प्युटरवर चालतो, आलेखही तिथेच तयार होतो. मग तो बघायचा कसा?

दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधला 'परम रुद्र' घ्या. २६ सप्टेंबर २०२४ रोजी दिल्ली, पुणे आणि कोलकाता इथले तीन 'परम रुद्र' एकदमच राष्ट्राला अर्पण झाले. अशा मशीनसमोर आपण बसत नाही. एसएसएचने आत शिरतो आणि आपल्याला दिसतात फक्त अक्षरं. तिथे चित्राची विंडो उघडायला स्क्रीनच नसतो.

पण चित्र बघणं गरजेचं असतं. समजा, मॉडेल आठ तास चालणार आहे आणि दुसऱ्याच तासाला तापमानाचा नकाशा वेडावाकडा झाला. तो तेव्हाच दिसला तर काम थांबवता येतं. नाहीतर सहा तास फुकट, आणि पुन्हा रांगेत नंबर लावायचा.

पहिला उपाय म्हणजे फाइल कॉपी करून आणणं. एक-दोन चित्रांना ठीक, पन्नास चित्रांना कंटाळवाणं. दुसरा, एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग. त्यात विंडो आपल्याकडे उघडते, पण प्रत्येक हालचालीसाठी नेटवर्कवर ये-जा होते. घरच्या इंटरनेटवर ती रखडते.

मी सुचवतो तो तिसरा. आधी मॅटप्लॉटलिबला आलेख दाखवायला सांगू नका, पीएनजी फाइलमध्ये सेव्ह करायला सांगा. मग त्या फोल्डरमध्ये पायथनसोबतच येणारा छोटा वेब सर्व्हर सुरू करा, समजा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर. शेवटी आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचला मोठ्या 'एल'चा पर्याय देऊन सांगा, की माझं ८००० पोर्ट तिकडच्या ८०००ला जोड. हा झाला बोगदा. आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८००० उघडा. फाइलींची यादी येईल. क्लिक केलं की चित्र हजर, नवं तयार झालं की पान रिफ्रेश करा.

क्लस्टरवर लॉगिन नोड आणि कंप्यूट नोड यांची डिस्क बहुधा सामायिक असते. त्यामुळे काम कुठेही चालू असलं तरी सर्व्हर लॉगिन नोडवर चालतो. मात्र लॉगिन नोड अनेक असतील, तर बोगदा आणि सर्व्हर एकाच नोडवर हवेत. 'कनेक्शन नाकारलं' असा संदेश आला तर आधी हेच तपासा.

आता महत्त्वाचं. हा सर्व्हर पासवर्ड विचारत नाही आणि काही सांगितलं नाही तर सगळ्या नेटवर्ककडे कान लावून बसतो. म्हणून सुरू करतानाच त्याला १२७.०.०.१ या पत्त्याला बांधा. तरीही त्याच नोडवर लॉगिन केलेल्या दुसऱ्या माणसाला तो उघडता येतो. तेव्हा होम फोल्डरमधून तो कधीच सुरू करू नका. फक्त चित्रांचा वेगळा फोल्डर करा. रुग्णांचे स्कॅन किंवा अप्रकाशित निकाल असतील तर ज्युपिटर वापरा. बोगदा तसाच, पण ते आधी टोकन मागतं. तुमच्या केंद्राचे नियमही वाचून घ्या.

काम झालं की कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद करा. दार उघडलं तसं ते लावायचंही असतं. पुढच्या भागात ज्युपिटर सविस्तर पाहू.