प्रश्न विचारणारा अधिष्ठाता

मंडळी, समजा बाजारात एका कढईचा लिलाव चालला आहे. तुम्ही चाळीस रुपयांची बोली केलीत. पण हातोडा पडायच्या आत मन फिरले आणि ‘नको बुवा, बोली मागे घेतो’ म्हणालात. आता ती कढई तुमच्या गळ्यात पडेल काय?

दारू गाळण्याच्या सामानाच्या लिलावावरून असाच एक खटला १७८९ साली इंग्लंडात झाला. पुढे १८७० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गात एक नवे प्राध्यापक आले. व्याख्यान द्यायचे सोडून त्यांनी एका विद्यार्थ्याला याच खटल्याची हकीकत सांगायला लावली! हे ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल.

त्यांचा जन्म १८२६ चा, न्यू हँपशायरमधील खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी. गिरणीत राबून त्यांनी शिक्षणासाठी पैसा जमवला. हार्वर्डमध्ये शिकताना ग्रंथालयात काम करून खर्च भागवला. नंतर न्यूयॉर्कमध्ये वकिली केली. १८७० साली विद्यापीठाचे अध्यक्ष एलियट यांनी त्यांना बोलावून घेतले आणि ते तेथील कायदेशाळेचे अधिष्ठाता झाले.

तोवर तेथे दीड वर्ष हजेरी लावली की परीक्षेवाचून पदवी मिळे. लँगडेल यांनी परीक्षा सुरू केल्या, अभ्यासक्रमाची वर्षे वाढवली आणि १८७१ साली करारांसंबंधीच्या मूळ निकालपत्रांचे पुस्तक काढले. नियम पाठ करू नका. न्यायाधीश त्या नियमापर्यंत कसे पोचले ते शोधा, असा त्यांचा आग्रह. विद्यार्थ्यांना हे रुचेना. वर्ग ओस पडू लागला, मूठभरच टिकले. दृष्टीही अधू होत चालली होती. पण गडी मागे हटला नाही. १८९५ साली त्यांनी अधिष्ठातापद सोडले आणि १९०६ साली ते वारले. त्यांची पद्धत पुढे अमेरिकाभर पसरली.

उणिवाही होत्याच. त्यांचा कायदा ग्रंथालयातला. पक्षकाराचे घरदार, त्याची अडचण त्यात फारशी दिसत नसे. शिवाय स्त्रियांना त्या शाळेचे दार १९५० सालापर्यंत बंदच होते.

आता आपली कढई. सर्वसाधारण नियम असा, की हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. आपल्या १९३० च्या माल विक्रीच्या कायद्यातही हेच आहे. मात्र गुरुजी, वर्गात हे उत्तर आधी सांगू नका. आधी विचारा, ‘का बरे?’ मुले भांडतील, चुकतील. पण त्यातून जे उमगेल, ते विसरणार नाहीत.